पडद्यावर तुझी बॉर्डर दिसू दे

जेवलीस ना पोटभर? मग ये, इथे ओट्यावर बस माझ्याजवळ. आई आत मालिका बघतेय, तिच्यासमोर हे नको. दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. "अक्का, लॅपटॉपला टीव्हीच दिसत नाहीये गं," एवढंच बोललीस, तेही दबक्या आवाजात. म्हणजे मागे कुणीतरी उभं होतं. तो आवाज मी ओळखते, चिऊ. हातातला घास तसाच राहिला माझा.

मुंबईचे खरेदीदार सोमवारी वंदे भारतने येणार म्हणालीस. ती गाडी रात्री साडेदहा उलटल्यावर सोलापुरात येते, म्हणजे तुझी मीटिंग मंगळवारी सकाळी. आज गुरुवार. हातात भरपूर वेळ आहे, आणि जे सांगणार आहे ते अवघडही नाही. पण आधी एक गोष्ट सांगते, जी आजवर तुला सांगितली नव्हती.

माझी पहिली नोकरी. ऑफिसचं नाव नको. तीन आठवडे बसून मी उधारीचा तक्ता केला होता. कुठल्या गावच्या व्यापाऱ्याकडे किती रक्कम अडकलीय, किती दिवसांपासून, सगळं रंगांनी वेगळं केलेलं. मीटिंगला बारा माणसं, त्यात बाई मी एकटी. लॅपटॉप उघडला, तर यादीत टीव्हीचं नावच येईना. बंद केला, चालू केला, पुन्हा शोधलं. पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत खोली किती शांत होते, ते तुला आज कळलं असेल. मग कुणीतरी म्हणालं, "राहू द्या मॅडम, तोंडीच सांगा." मी तोंडी सांगितलं, चार मिनिटांत. तीन आठवड्यांचा तक्ता कुणी पाहिलाच नाही. बाहेर पडताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बायकांना मशीनचं जमत नाही." मी ऐकलं ते.

टीव्ही एका राउटरवर होता आणि माझा लॅपटॉप दुसऱ्यावर. बस, इतकंच. ते मला सहा महिन्यांनी कळलं, तेही कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मी शोधत बसले म्हणून. तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही मला. तुझं डिझाइन चांगलं आहे की नाही यावर त्यांनी खुशाल वाद घालावा. पण डिझाइन दिसलं तरी पाहिजे.

आता नीट ऐक. आपल्या सोलापुरात कसं आहे, पेठेतल्या दुकानदाराला मराठी येते, कन्नड येते, तेलुगू येते, आणि आपण उर्दूत बोललो तर तो त्यातही भाव करतो. या टीव्ही-लॅपटॉपचं तसं नाही. त्यांची ज्याची त्याची एकच भाषा, फार तर दोन. समोरच्याला आपली भाषा येत नसेल तर ते थेट गप्प बसतात. का गप्प आहेत तेही सांगत नाहीत. आपल्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

भाषा मुख्य तीन. अ‍ॅपलची एअरप्ले ही २०१० ची, आणि मॅकची अख्खी स्क्रीन तिच्यातून टीव्हीवर जायला लागली २०१२ मध्ये. मिराकास्ट हीसुद्धा २०१२ ची; वाय-फायचे नियम ठरवणारी कंपन्यांची जी संघटना आहे, वाय-फाय अलायन्स, तिने ती आणली, आणि विंडोजमध्ये ती ८.१ पासून म्हणजे २०१३ पासून आतच बसवलेली असते. तिसरी गूगलची. त्यांचं क्रोमकास्ट नावाचं छोटं यंत्र २०१३ मध्ये आलं, आणि ती सोय आता अनेक अँड्रॉइड टीव्हींच्या पोटातच असते. तीन वर्षांत तिघींचा जन्म, आणि तिघींचं अजून एकमेकींशी पटत नाही. मॅकला मिराकास्ट येत नाही. विंडोजला स्वतःहून एअरप्ले येत नाही. त्यामुळे उद्या गेल्यावर पहिला प्रश्न टीव्हीला विचारायचा: बाई, तुला यातलं काय येतं?

उत्तर रिमोटमध्ये आहे. मेनूत जा. एलजीवर 'स्क्रीन शेअर' असं काहीतरी दिसेल, सॅमसंगवर 'स्क्रीन मिररिंग' किंवा 'स्मार्ट व्ह्यू', दुसरीकडे आणखी काही. नावं बदलतात, म्हणून नाव पाठ करू नकोस. मेनूत खालपर्यंत शोध. कधी कधी ते बटण दाबून टीव्हीला 'मी वाट बघतेय' अशा अवस्थेत आणून ठेवावं लागतं, तोवर तो कुणाला दिसतच नाही. आज तुझं बहुतेक इथेच अडलं असणार.

तुझा लॅपटॉप विंडोजचा, कंपनीने दिलेला. त्याला मिराकास्ट येतं का ते आत्ताच बघू, आण इकडे. विंडोज बटण आणि आर एकत्र दाब. जो छोटा चौकोन उघडेल त्यात डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा अक्षरं टाइप कर आणि एंटर मार. खाली सगळी माहिती सेव्ह करायचं बटण आहे. ती फाइल उघडून वरच्या काही ओळींत मिराकास्ट शोध. 'अव्हेलेबल' लिहिलं असेल तर झालं काम. बघ, आहे की! आता एवढं पक्कं लक्षात ठेव: विंडोज बटण आणि के दाबलं की जवळच्या टीव्हींची यादी उघडते. विंडोज बटण आणि पी दाबलं की त्या पडद्यावर काय दाखवायचं ते निवडता येतं. या दोन जोड्या बोटांत बसल्या की माउस घेऊन सेटिंगमध्ये धुंडाळत बसावं लागत नाही. लोकांसमोर तो धुंडाळणारा बाणच सगळ्यात जास्त लाज काढतो.

तुमच्या साहेबांच्या टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर चालेल का, असं मघाशी विचारत होतीस. त्यात वाय-फायचं कार्ड नसेल तर मिराकास्ट होत नाही. बऱ्याच ऑफिसांत तो नुसत्या तारेवर असतो. तेव्हा तो विषय सोड.

आता गंमत अशी की मिराकास्टला राउटर लागतच नाही. लॅपटॉप आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कुणी नाही. इंटरनेट गेलं तरी चालतं. तुमच्या एमआयडीसीत वीज गेली, टीव्ही आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालू राहिले पण राउटर तिकडे स्टोअरमध्ये बंद पडला, तरी तुझं चित्र जागेवर राहील. क्रोमकास्टचं आणि एअरप्लेचं उलटं. सहसा त्या दोघींना दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर लागतात. एकाच ऑफिसात म्हणत नाहीये मी, एकाच वाय-फायवर म्हणतेय. पाहुण्यांसाठी जे वेगळं वाय-फाय ठेवलेलं असतं ना, त्यात बहुतेक वेळा मुद्दाम अशी सोय केलेली असते की एका पाहुण्याचं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राला दिसू नये. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण तुझा लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायवर आणि टीव्ही ऑफिसच्या, असं झालं तर जन्मात भेट नाही. मुंबईचे लोक त्यांचा स्वतःचा लॅपटॉप जोडायचा म्हणतील तेव्हा हे आठव. आणि त्यांच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन चालू असेल तर ते थोडा वेळ बंद करायला सांग, कारण व्हीपीएन चालू असताना कित्येक लॅपटॉप शेजारच्या यंत्राकडे ढुंकूनही बघत नाहीत.

टीव्ही जोडला गेला तरी कधी चित्र अडखळतं, माउस हलवला की बाण मागून येतो. थोडा उशीर असणारच, कारण लॅपटॉप प्रत्येक क्षणी चित्र आवळून पाठवतो आणि टीव्ही ते उलगडतो. पण फारच अडखळत असेल तर कारण गर्दीचं असतं. जानेवारीत गड्ड्यावर तू हरवली होतीस, आठवतं? सिद्धेश्वरांची यात्रा भरलेली, पाळणे, भोंगे, पिपाण्या, आणि मी बेंबीच्या देठापासून हाका मारतेय. तुला ऐकू जात नव्हतं, कारण सगळेच ओरडत होते. वाय-फायचा जुना पट्टा, २.४ गिगाहर्ट्झचा, तसा आहे. एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या जागा त्यात जेमतेम तीन: १, ६ आणि ११. शेजारच्या युनिटचा राउटर, सगळ्यांचे मोबाइल, ब्लूटूथ, पँट्रीतला मायक्रोवेव्हसुद्धा, सगळे त्याच मैदानात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो. तो भिंतीपलीकडे नीट जात नाही, पण तुला भिंतीपलीकडे जायचंय कुठे, टीव्ही तर समोर आहे. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर पाचवाल्याला जोडून घे.

आता बस जवळ, कारण पुढचं तुझ्या कामाचं आहे, आणि ते तुला कुणी ऑफिसवाला सांगणार नाही. त्यांना पडद्यावर आकडे दाखवायचे असतात. तुला जकार्डचा ग्राफ दाखवायचाय.

बाबा कार्डं पंच करायचे तेव्हा तू फार लहान होतीस. चादरीच्या कारखान्यातून रात्री घरी आले की बोटं दुखायची त्यांची. ग्राफचा एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ-मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती यंत्रावर बसवली, आणि तीच आपल्या पूर्वभागातल्या घराघरांत मागावर खडखडत राहिली. बाबांचा एक चौकोन चुकला की मोराच्या गळ्यात चीर पडायची. मग सगळी ओळ पुन्हा. आता तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोनाच्या जागी ठिपका आहे, आणि कार्डाऐवजी इलेक्ट्रॉनिक जकार्डला फाइल जाते. पण हिशेब तोच: एक ठिपका, एक धागा.

आणि वायरलेसने पाठवताना नेमका हाच ठिपका मार खातो. चित्र हवेतून पाठवायला हलकं करावं लागतं. त्यासाठी एक चलाखी करतात: उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा पाठवतात, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. आपल्या डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो, म्हणून सिनेमात हे लक्षातही येत नाही. पण तुझ्या टॉवेलच्या बॉर्डरमध्ये मोतिया रंगावर एका ठिपक्याची मरून रेघ आहे. ती रेघ टीव्हीवर गुलाबी पसरट दिसेल. खरेदीदार म्हणेल, "रंग सुटल्यासारखा वाटतोय." बिचाऱ्या धाग्याचा काही दोष नाही गं, तो अजून मागावर चढलासुद्धा नाही.

यावर दोन उपाय. पहिला सोपा: ग्राफ चौपट मोठा करून दाखव. चारशे टक्क्यांवर एक ठिपका चार ठिपक्यांएवढा रुंद होतो, मग रंग पसरायला निमित्त उरत नाही. अख्खं डिझाइन आधी लहान दाखव, मग बॉर्डरचा एक तुकडा मोठा करून त्यावर थांब. दुसरा उपाय केबलचा. एचडीएमआय केबलने जोडलं की आवळाआवळी नाही. तरीही टीव्हीला सांगावं लागतं की समोर कॉम्प्युटर आहे, सिनेमाचा डबा नाही. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय जागेचं नाव बदलता येतं. तिथे 'पीसी' निवड. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींत हे केल्यावर बारीक रंगीत अक्षरं एकदम कडक दिसायला लागतात. मी स्वतः करून बघितलंय, तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं.

अजून एक. काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. जुन्या प्रसारणाच्या दिवसांतली ती सवय आहे, कडेला कचरा दिसायचा म्हणून. हिशेबाच्या तक्त्यात त्याने एखादा रकाना जातो. तुझी तर बॉर्डरच कडेला! ज्यासाठी चार रात्री जागलीस तीच कापली जाईल. चित्राच्या आकाराच्या मेनूत 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं सापडेल, ते लाव. आणि चित्राचा प्रकार 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर तो बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' कर. दुकानात टीव्ही विकला जावा म्हणून तो भडक ठेवलेला असतो, आणि ऑफिसात आल्यावर कुणी हात लावत नाही. तुझा हळदी पिवळा त्यात लिंबासारखा दिसतो.

तरी पडदा तो पडदा. रंगाचा शेवटचा शब्द सुताचा. रंगवलेल्या सुताच्या लडीचे तुकडे कार्डावर चिकटवून ने, आणि विणलेला नमुना हातात दे. टॉवेलवाले तसेही आधी हात लावून बघतात, मग वजन विचारतात, चौरस मीटरला किती ग्रॅम. पडदा चालू व्हायला वेळ लागला तर त्यांच्या हातात नमुना असू दे, म्हणजे खोली शांत होणार नाही. हे मी त्या पहिल्या नोकरीतल्या पाच मिनिटांतून शिकले. माझ्याकडे तेव्हा त्यांच्या हातात द्यायला काही नव्हतं.

आता जरा आवाज खाली घे, आईला ऐकू जाईल. ही गोष्ट फक्त तुझ्यासाठी.

लग्नाआधी एकदा मी मीटिंगमध्ये स्क्रीन जोडली होती, सगळं व्यवस्थित चाललेलं, आणि कोपऱ्यात पट्टी आली. आईचा व्हॉट्सअ‍ॅप. 'मुलाकडच्यांनी फोटो परत पाठवलाय, तू मनाला लावून घेऊ नकोस.' पंचावन्न इंची टीव्हीवर. दोन-तीन सेकंद राहिली असेल ती पट्टी, पण सगळ्यांनी वाचली. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं मला घरापर्यंत पुरलं. मी पुढे बोलत राहिले, आवाज हलला नाही माझा, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण तुला त्यातून जायची गरज नाही.

म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर पड. नुसतं लहान करून ठेवू नकोस, बाहेरच पड. विंडोजमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लाव. आणि विंडोज-पी दाबून 'डुप्लिकेट' ऐवजी 'एक्स्टेंड' निवड. डुप्लिकेट म्हणजे तुझ्यासमोर जे आहे तेच टीव्हीवर. एक्स्टेंड म्हणजे टीव्ही हे तुझ्या टेबलाला जोडलेलं दुसरं टेबल. जे मुद्दाम तिकडे सरकवशील तेवढंच तिकडे. पॉवरपॉइंटमध्ये मग तुझ्या बाजूला तुझी टिपणं आणि पुढची स्लाइड दिसते, त्यांना फक्त चालू स्लाइड. किमतीचा कागद तुझ्या बाजूला उघडा ठेवता येतो. सुरुवातीला गोंधळ होतो, बाण नेमका कुठे गेला ते कळत नाही, म्हणून घरी चार वेळा करून बघ. आपल्या टीव्हीवर कर, आई तक्रार करेल, करू दे.

तुझ्या धंद्यात तर हे आणखी जपायला हवं. आपल्याकडे डिझाइनची नक्कल किती लवकर होते, तू मला सांगायची गरज नाही. महिनाभर बसून काढलेली नक्षी पंधरा दिवसांत दुसऱ्याच्या चादरीवर. तेव्हा एका खरेदीदाराचं डिझाइन दुसऱ्याला चुकूनही दिसता कामा नये. विंडोज-के दाबलं की यादीत शेजारच्या केबिनचा टीव्हीही येतो, कारण हवेला भिंत कळत नाही. दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे असतील तर नावंही सारखीच. घाईत भलत्याला जोडशील. साहेबांना विचारून टीव्हींची नावं बदलून घे: 'मोठी मीटिंग', 'सॅम्पल रूम', असं सरळ. आणि जोडताना टीव्ही चार किंवा आठ आकडी पिन मागेल अशी सोय असेल तर चालू कर. पिन पडद्यावर दिसतो, म्हणजे जो खोलीत बसलाय त्यालाच जोडता येतं. मीटिंग संपली की पहिलं काम स्क्रीन तोडायचं. चहा नंतर. कितीदा मी बघितलंय, माणसं हस्तांदोलन करून जिन्याकडे निघालेली असतात आणि टीव्हीवर यांचा ईमेल उघडलेला.

मोठ्या शहरांतल्या ऑफिसांत यावर एक वेगळा उपाय असतो. बेल्जियमच्या बार्को कंपनीने २०१२ मध्ये क्लिकशेअर म्हणून एक वस्तू काढली: टेबलावर एक गोल बटण, ते लॅपटॉपला खोचायचं, दाबायचं, स्क्रीन टीव्हीवर. विंडोज असो, मॅक असो. मी पुण्यात एका ठिकाणी ते वापरलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं, इतकं सोपं असू शकतं हे बघून. पण ते महाग आहे, तुमच्या युनिटला आत्ता कुणी घेऊन देणार नाही, आणि त्याच्यासाठी हट्ट धरू नकोस. टीव्हीच्या मागे एखादा छोटा कॉम्प्युटर लावलेला असेल तर मात्र एक मधला मार्ग आहे. त्या कॉम्प्युटरवर गूगल मीट उघड, तू तुझ्या लॅपटॉपवरून त्याच मीटमध्ये ये आणि स्क्रीन शेअर कर. इंटरनेट लागतं, रंगाचं मघाशी सांगितलं तेच, पण भाषेचा प्रश्नच उरत नाही. फक्त तुझा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेव, नाहीतर खोलीभर शिट्टी घुमते.

उद्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत जा. एकटी जा. शिपाईमामांना आधी सांग. रिमोट त्यांच्याकडे असतो, किल्ली त्यांच्याकडे असते, आणि कुठला प्लग हलवला की टीव्ही बंद पडतो हे साहेबांना माहीत नसतं पण मामांना पक्कं ठाऊक असतं. मामांशी नीट, आदराने बोल. तुला मी तसंच वाढवलंय. सोमवारी संध्याकाळी ते स्वतःहून टीव्ही चालू करून बघतील, बघ.

तिथे बसून सगळं एकदा पहिल्यापासून कर. चार्जर लावायची जागा कुठे आहे बघ, वायर पोचत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड माग. लॅपटॉप पाच मिनिटांत झोपतो का बघ. झोपत असेल तर ती वेळ वाढव, कारण चर्चा रंगली आणि तू पंधरा मिनिटं बटणाला हात लावला नाहीस तर चित्र तुटेल आणि पुन्हा जोडाजोडी. खोलीच्या शेवटच्या खुर्चीत जाऊन बस आणि तिथून तुझी रेघ दिसते का ते तुझ्या डोळ्यांनी बघ. मालक कुठे बसतात ते मामांना विचारून त्या खुर्चीतूनही बघ.

केबलचं सांगते. तुझ्या लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे, बघ इथे डावीकडे. म्हणजे केबल सरळ लागेल. मुंबईच्या लोकांचे लॅपटॉप पातळ असतात, त्यांना फक्त टाइप-सी असतं, त्यासाठी मधला जोड लागतो. आणि प्रत्येक टाइप-सीतून चित्र बाहेर येतंच असं नाही, काही नुसते चार्जिंगचे आणि फाइलींचे असतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नकोस. केबल पाच मीटरची असावी. दीड मीटरची केबल घेऊन गेलं की टीव्हीखाली वाकून उभं राहून बोलावं लागतं, आणि पाठ लोकांकडे होते.

आणि सगळंच फसलं तर? मग पेनड्राइव्ह. पण त्यात पॉवरपॉइंट किंवा पीडीएफ टाकून टीव्हीला लावलंस तर बहुतेक टीव्ही ते उघडणार नाहीत. फोटो मात्र उघडतात. म्हणून पॉवरपॉइंटमधून प्रत्येक स्लाइड जेपीईजी चित्र म्हणून सेव्ह कर. 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये तो प्रकार मिळतो. त्यांना ०१, ०२, ०३ असे आकडे दे, म्हणजे क्रम बिघडत नाही. टीव्हीच्या रिमोटने एकेक पुढे सरकवायचं. मीटिंग झाली की ती चित्रं पुसून टाक आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये, टेबलावर नको.

मंगळवारी अर्धा तास आधी जा. सगळे यायच्या आत चित्र पडद्यावर असलं पाहिजे. लोक आत येतील तेव्हा त्यांना टीव्हीच्या मेनूऐवजी तुझा टॉवेल दिसेल. आणि मध्येच तुटलं, तर माफी मागत बसू नकोस. "दोन मिनिटं द्या, तोवर हा नमुना बघा," एवढं म्हण आणि शांतपणे केबल लाव. आवाज दुपारसारखा दबका नको. तुझ्या मागे कुणी का उभं असेना.

मला ठाऊक आहे, तुला वाटतंय अक्का उगीच एवढी काळजी करते, एका टीव्हीपायी. पण बाबांनी आयुष्यभर नक्षी काढली आणि ती कुणाची हे कुणी कधी विचारलं नाही. चादर मालकाच्या नावाने गेली, भोकं बाबांची. तू आपल्या घरातली पहिली, जी खरेदीदारासमोर उभी राहून 'ही बॉर्डर मी काढली' असं म्हणणार आहेस. ते वाक्य बोलताना मागे ती बॉर्डर दिसत असली पाहिजे, अख्खी, कडेपर्यंत, मरून रंगातच.

चल, ऊठ आता, डास चावायला लागले. केबल माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. उद्या जाताना घेऊन जा, आणि हो, परत आण, ती मला पुढच्या आठवड्यात लागणार आहे. मंगळवारी संध्याकाळी फोन कर. टीव्हीचं काही सांगू नकोस. बॉर्डर बघून ते काय म्हणाले, ते सांग.